लिंकांचं वाण

८ जानेवारी २०१८, जानेफळ

आज आत्याबाईंनी पुन्हा विचारलं, "दिवसभर त्या डब्ब्यात काय पाहून राह्यली वं तू?" मंजुळाबाई म्हणजे आमच्या सासूबाई. लॅपटॉपला त्या डब्बाच म्हणतात. लग्नाला तीन वर्षं झाली तरी सून नेमकं काय करते हे त्यांना कळलेलं नाही, आणि बाजारात बायांनी विचारलं की त्यांची पंचाईत होते.

म्हटलं, आज सांगूनच टाकू. "आत्याबाई, सोयरीक कराच्या आधी आपुन पोराच्या गावात चार घरी चौकशी करतो का नाई? पोरगं कसं हाये, पेते का, वावर खरंच हाये का. गुगल बी तसंच करते. कोणी काई शोधलं, का ते पाह्यते की कोणत्या साईटकडं चार जागचे लोक बोट दाखवतात. ज्याच्याकडं जास्त बोटं, त्याले वर बसवते. बोट दाखवलं त्याले लिंक म्हणतात. अन् मी लोकायची बोटं गोळा करते."

"म्हणजे मध्यस्थ हाये तू."

"हाव, तसंच समजा."

"मंग पोरगं पाह्यलं का तू, का नुसतेच बोटं गोळा करतं?"

मी हसले. म्हातारी बोलते मात्र खमकं. पुण्यात वर्षभर एका ऑफिसात हेच काम केलं, तिथल्या कोणाला एका वाक्यात सांगता आलं नसतं. तिथं माझं "मले-तुले" ऐकून खिदळायचे ते वेगळं.

नवीन गिऱ्हाईक मिळालंय, भगवानराव नावाचं. कपाशीचं बियाणं ऑनलाईन विकतात. साईटचं नाव बोंडमुक्त. म्हणे, या सरकीला बोंडअळी लागतच नाही. यंदा अख्ख्या जिल्ह्याच्या पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीचा, गुलाबी अळीनं सत्यानाश केलाय, बीटी बियाणं असूनही. लोकांनी उभ्या पिकात गुरं सोडली. तेव्हा असलं बियाणं लोक शोधणारच. "बोंडअळी न लागणारी सरकी" असं कोणी टाकलं की आमची साईट पहिली दिसली पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं. मी हो म्हटलं. खरंच अशी सरकी असेल तर हे पुण्यकर्मच की.

१५ जानेवारी २०१८

काल संक्रांत झाली, आज आमच्याकडं हळदीकुंकू. मला एक भन्नाट गोष्ट सुचली!

गेल्या वर्षी मी बचत गटातल्या सहा जणींना ब्लॉग काढून दिले. कोणी रांगोळ्या टाकते, कोणी लोणची. जमीला शिवणकाम करते, ती ब्लाउजच्या गळ्यांचे फोटो टाकते. सगळ्यांत चालतो तो चांगुणाचा. चांगुणा माझी इथली एकमेव जिवाची मैत्रीण, चार घरं सोडून राहते. तिच्या ब्लॉगवर वऱ्हाडी रांधणं असतं, कळण्याची भाकरी, पातोड्या, सांडगे. बारावी नापास बाई, पण लिहिते अशी की पुण्या-मुंबईला गेलेल्या आपल्याकडच्या बाया वाचून रडतात आणि तिच्याकडून काळा मसाला मागवतात. ब्लॉगच्या कपाळावर तिनं एकच ओळ टाकायला लावली होती मला. "मी स्वतः करून पाह्यल्याबिगर लिहीत नाही."

तर सुचलं असं की यंदा वाण लिंकेचं. प्लॅस्टिकच्या डब्या आणि गाळण्या पुरे झाल्या. मी सगळ्यांना सांगितलं, "बायांनो, यंदा मी तुमच्या ब्लॉगवर एक एक लिंक लावणार, न तुम्ही ती घ्यायची. वाणच समजा." सगळ्या हसल्या. वाणाला नाही म्हणत नाहीत, किंमत विचारत नाहीत, तिथल्या तिथं उघडूनही पाहत नाहीत. पदराखाली घेतात आणि घरी जातात.

चांगुणा म्हणाली, "लाव माय. तुह्यापाशीच तर पासवर्ड हाये. मले त्यातलं काय समजते?"

एकटी जमीला तेवढी आडवी आली. ती तिळगूळ खायला आणि गप्पा मारायला दरवर्षी येते. संध्याकाळी तिचा फोन, "अर्पिता, तू भेजलेलं पान मी उघडून पाह्यलं. मोबाईल नंबर हाये, गाव नाई, दुकान नाई, काईच नाई. मी नाई लावू देत."

"अवं, वाण उघडून पाह्यतात का कोणी?"

"तुमच्यात नसन. मी तं कपडा बी आधी उलटा करून पाह्यतो, मंग कात्री लावतो."

भारीच शहाणी! राहिल्या पाच. पाचही पुरेत.

१७ जानेवारी

पाचही जणींच्या ब्लॉगवर लिंका लावून झाल्या. चांगुणाच्या ब्लॉगवर कळण्याच्या भाकरीचं पान सगळ्यांत जास्त वाचलं जातं, म्हणून तिथंच लावली. पण नुसती लिंक कुठंतरी कोपऱ्यात टाकली तर गुगलला ती उपरी वाटते, वाक्यात बसलेली हवी. म्हणून शेवटी एक वाक्य घातलं, "आमच्या घरी आता हीच बोंडअळी न लागणारी सरकी, तुम्हीही पाहा." "बोंडअळी न लागणारी सरकी" या शब्दांवर लिंक.

वाचायला छान वाटतं, अगदी चांगुणाच बोलतेय असं. तिची बोली मला पाठच आहे.

वर ती ओळ दिसत होती, स्वतः करून पाह्यल्याबिगर. तिला विचारायला हवं होतं का? पण तिनं लाव म्हटलं होतंच. लिंक लाव म्हटलं म्हणजे त्यात वाक्य आलंच. उगाच बाईच्या डोक्याला ताप कशाला.

६ मार्च

गुगलच्या तिसऱ्या पानावरून पहिल्या पानावर आलो, सातव्या नंबरवर. चांगुणाच्या लिंकेनं जेवढं ओढलं तेवढं बाकीच्या चौघींनी मिळूनही नाही. गुगललासुद्धा खरं माणूस ओळखू येतं म्हणायचं.

होळीच्या दिवशी ती पुरणपोळ्या घेऊन आली होती. सहदेवभाऊ, म्हणजे तिचा नवरा, बाहेर माझ्या नवऱ्याशी, हरिओमशी बोलत उभे होते. बोलणं तेच, यंदा काय पेरायचं. सहदेवभाऊ म्हणत होते, "सगळे सोयाबीन म्हणून राह्यले. पण नदीकाठची काळी माती पऱ्हाटीचीच हाये. बापानं बी तेच लावलं. एक खेप वाटते लावून पाहावं."

२० एप्रिल

एक नंबर! एक नंबर! एक नंबर!

सकाळी उठून पाहिलं तर सगळ्यांच्या वर बोंडमुक्त. मोठमोठ्या साईटी खाली, कृषी विभागाचं पान खाली. जानेफळात बसून केलं हे, पुण्यातल्या त्या खिदळणाऱ्यांना जमलं असतं का? भगवानरावांचा फोन आला, "मॅडम, तुम्ही तर जादूगार आहात." हरिओमनं मेहकरहून पेढे आणले. आमच्या मोबाईलच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, आमच्या घरचीनं साईट एक नंबरवर आणली म्हणून. आत्याबाईंनी पेढा खाल्ला आणि विचारलं, "म्हणजे पोरीकडच्यायनं हो म्हटलं?"

२८ मे

चांगुणा येऊन गेली. सरकीचं विचारत होती. मी म्हटलं, साईट एक नंबरवर आहे. ऊन फार आहे, पंख्याची हवासुद्धा गरम लागते.

२९ मे

कालचं नीट लिहिलं नाही, लिहिते.

सहदेवभाऊंनी तिला मोबाईलवर शोधायला सांगितलं, अळी न लागणारी सरकी कोणती ते. पहिलीच आली बोंडमुक्त. तिनं ओळखलं की हीच ती अर्पितानं वाण दिलेली. म्हणून आली, ओसरीवर बसली, पाणीसुद्धा घेतलं नाही.

म्हणाली, "ते म्हणतात तुह्या मैत्रिणीले इचार. तू सांगशीन तसं. घेऊ का ही?"

माझ्या तोंडात आलं होतं की मला सरकीतलं काही कळत नाही, कृषी केंद्रात विचार, बिल घे, पक्की पिशवी घे. खरंच आलं होतं. पण मग वाटलं, आपणच वर आणलेल्या साईटला आपणच नावं ठेवायची? आणि उद्या हे गावभर झालं की अर्पितानंच नको म्हटलं, मग?

म्हणून म्हटलं, "साईट तं एक नंबरवर हाये."

ती म्हणाली, "मंग झालं." आणि उठून गेली.

खोटं नव्हतं ते. एक नंबरवर आहेच. मी घे म्हटलं नाही.

२४ जून

सहदेवभाऊंनी सरकी टोबली, एकेक बी मातीत दाबून लावली. आज त्यांच्या वावराकडून आले. बांधावर रिकामी पाकिटं पडली होती, पांढरीफटक. ना कंपनीचं नाव, ना तारीख, एक लाल शिक्का तेवढा. मी पायानं एक उलटून पाहिलं. मागंही काही नाही.

हरिओमला सांगितलं तर म्हणाला, "आपुन काय त्याले पेराले सांगतलं का? धंदा हाये तो. दुकानात मोबाईल इकला न तो बिघडला, तं माह्या जिवाले लावून घेतो का मी?" त्याचं बरं असतं.

ते वाक्य काढून टाकावं असं दोनदा मनात आलं. पण पेरून तर झालंय. आता काढून काय होणार, वाक्य काढलं म्हणून सरकी बदलते का?

१० सप्टेंबर

काल पोळा झाला. पाऊस नाही म्हणून बैलांच्या झुलीसुद्धा मरगळल्यासारख्या दिसत होत्या. आज चांगुणा मला ओढून वावरात घेऊन गेली. पऱ्हाटी कुठं गुडघ्याएवढी, कुठं उगवलीच नाही. एका झाडाचं फूल तिनं तोडून माझ्या तळहातावर ठेवलं. पाकळ्या उमललेल्याच नव्हत्या, गुलाबाच्या कळीसारख्या गच्च मिटलेल्या. तिनं नखानं उकललं, आत बारीक अळी होती. याला डोमकळी म्हणतात. मला ठाऊक आहे, गेल्या वर्षी सगळ्या गावानं पाहिलंय. तरी मी म्हटलं, "पाऊस कमी म्हणून असन वं."

तिनं फूल बांधावर फेकलं. मग एकदम म्हणाली, "अर्पिता, माह्या ब्लॉगवर तू इतक्यात काई लिव्हलं का?"

"नाई वं."

"बरं."

इतक्यात तर नाहीच लिहिलं. जानेवारीत लिहिलं होतं. ती माझ्याकडं बराच वेळ पाहत होती, उन्हानं डोळे बारीक करून. येताना वाटभर पदर डोक्यावरून ओढून पुढं पुढं चालत होती. डोकं दुखत असेल बिचारीचं.

१२ नोव्हेंबर

दिवाळी कशी गेली, काय लिहू. आमच्या घरी सगळं केलं, चकल्याही कडक झाल्या नाहीत. पण चांगुणा फराळाला आली नाही. तिच्या ब्लॉगवर दसऱ्यापासून काही नवीन नाही. पुण्याच्या बाया खाली विचारताहेत, ताई, मसाला कधी?

आज मी दुकानात होते, तेवढ्यात सहदेवभाऊ आले. दाढी वाढलेली. हरिओमला म्हणाले, "सरकीची तक्रार कराची हाये. ऑनलाईन होते म्हणे." हरिओमनं विचारलं, बिल? बिल नाही. पाकीट? त्यांनी खिशातून ते पांढरं पाकीट काढलं. हरिओम म्हणाला, "भाऊ, याच्यावर तं कोणाचंच नाव नाई. तक्रार कोणाच्या नावानं करू?"

त्यांनी पाकीट परत खिशात ठेवलं. मग म्हणाले, "बोंडं सारे किडले. वेचाले बाया लावल्या तं त्याइचा रोज बी निंघत नाई. तोडून टाकतो आता." निघता निघता माझ्याकडं वळून म्हणाले, "वयनी, तुमच्या मैत्रिणीले जरा समजवा. मोबाईलवर पाहून तिनंच सांगतलं ही सरकी घ्या म्हणून. मी इचारलं, कोणाले इचारलं का तुनं? अर्पितावयनीले इचारलं का? तं म्हणते नाई, कोणालेच नाई इचारलं, मीच पाह्यलं."

मी तिथंच होते. मोबाईलला काच लावत होते. काच वाकडी बसली, पुन्हा काढली, पुन्हा लावली.

तिनं माझं नाव घेतलं नाही.

१३ नोव्हेंबर

जमीलाकडं ब्लाउज टाकायला गेले होते. ती मशीन थांबवून म्हणाली, "तुले मालूम हाये का? सहदेवभाऊ दसऱ्यापासून तिच्या हातचं जेवत नाई. सासू रांधते, सासू वाढते. मोबाईल बी काढून घेतला तिचा."

चांगुणाच्या हातचं! जिच्या हातचं वाचून लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं तिच्या हातचं!

घरी येऊन आधी ते वाक्य काढलं. मग पाचही लिंका काढल्या. वाटलं, आता साईट खाली बसेल. दर थोड्या वेळानं पाहतेय, जेवताना पाहिलं, आत्याबाई रागावल्या.

२२ नोव्हेंबर

बोंडमुक्त अजून एक नंबरवर.

मी बोट खाली घेतलं तरी काही होत नाही. एकदा वर दिसली म्हणून कोण कोण तिच्याकडं बोट दाखवत सुटलेत, ज्यांना मी ओळखत नाही, ज्यांनी सरकी पाहिलीसुद्धा नाही. आत्याबाई म्हणतात तसं, एकदा लग्न लागलं की मध्यस्थाला कोण विचारतं.

१८ डिसेंबर

भगवानरावांचा फोन. गोड आवाज. "मॅडम, थोड्या तक्रारी येतात, धंदा म्हटलं की चालायचंच. आता नवीन नावानं साईट काढतोय. जुन्या साईटीचं सगळं वजन, तिच्याकडच्या सगळ्या लिंका, नवीनकडं वळवून द्या. ते तुम्हालाच जमतं."

मी म्हटलं, "बघते."

बघते म्हटलं! नाही म्हणायला जीभ का वळली नाही? उलट विचारायला हवं होतं की माणसा, तुझं गाव कोणतं? अकरा महिने झाले, मला याचं गाव माहीत नाही. आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, पोरगं पाह्यलं का. मी लाजिरवाणी बाई आहे, दुसरा शब्द नाही.

१२ जानेवारी २०१९

जमीलाला सगळं सांगितलं, वाक्यासकट. वाटलं होतं, ती म्हणेल मी सांगत होती ना. तसं काही म्हणाली नाही. सुईत दोरा ओवला आणि म्हणाली, "मले काऊन सांगून राह्यली? ज्याइले सांगाचं त्याइले सांग."

"संक्रांत झाली का जातो."

"माफी मांगाले बी मुहूर्त लागते का तुमच्यात?"

१४ जानेवारी

आज भोगी. न खाई भोगी तो सदा रोगी, असं म्हणत आत्याबाईंनी बाजरीची भाकर आणि भाजी ताटात ठेवली. ताट झाकून तशीच चांगुणाच्या घरी गेले.

सहदेवभाऊ अंगणात दोर वळत होते. त्यांची आई चुलीपाशी. चांगुणा कोपऱ्यात कापूस पिंजत बसलेली. ती उठली नाही.

मी उभ्याउभ्याच बोलले. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, "भाऊ, ती साईट मीच वर आणली. माह्या कामाचीच होती ती. इच्या ब्लॉगवर सरकीचं लिव्हलं ते बी मीच, इले न सांगता. अन् ही मले इचाराले आली होती मे मयन्यात. घेऊ का म्हणून. मी म्हटलं, एक नंबरवर हाये."

चुलीतलं लाकूड तडतडलं. म्हातारीनं मागं वळून पाहिलं. सहदेवभाऊंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडं नाही, चांगुणाकडं पाहिलं.

"तुले माहीत होतं?"

"हाव."

"मंग काऊन नाई सांगतलं मले?"

चांगुणा कापसाकडं पाहत म्हणाली, "वाणाले नावं ठेवतात का कोणी?"

सहदेवभाऊंनी दोर खाली ठेवला. मग मला विचारलं, अगदी हळू आवाजात. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "वयनी, तुमचं वावर असतं, तं पेरली असती का तुम्ही ही सरकी?"

मी म्हटलं, "नाई."

"बस," ते म्हणाले. उठले, रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले आणि चुलीसमोर पाटावर जाऊन बसले. आईला म्हणाले, "माय, तू सरक." आणि चांगुणाला, "वाढ."

चांगुणाचे हात कापसानं भरलेले होते. तिनं ते लुगड्याला पुसले, परातीत पीठ घेतलं आणि भाकर थापायला बसली. माझ्याकडं पाहिलं नाही. मी निघाले.

फाटकापाशी पोहोचले तर ती मागून आली, हाताला पीठ तसंच.

"अर्पिता, डोमकळ्या लागल्या तवाच मी ते वाक्य वाचलं होतं. कळण्याच्या भाकरीखालचं. ते माह्यं नाई हे मले एका नजरेत समजलं. मी कवाच 'तुम्हीही पाहा' म्हणत नाई. 'पाह्यजा' म्हणतो. म्हणून तुले वावरात इचारलं, काई लिव्हलं का. मले वाटलं, आता तू सांगशीन. नाई सांगतलं तं नाई, गुपचूप काढशीन तरी. मी रोज उघडून पाह्यत होतो, काढलं का. मंग यायनं मोबाईलच नेला."

"मी काढलं वं. नोव्हेंबरात काढलं."

"हाव का," ती म्हणाली. "मले दिसलं नाई." आणि तव्यावरची भाकर करपेल म्हणून आत पळाली.

मी सप्टेंबरात लिहून ठेवलंय, डोकं दुखत असेल बिचारीचं. आत्ताच ते पान उघडून वाचलं. तिनं मला सुटायला वाट करून दिली होती, आणि मी तिच्या डोक्याची काळजी करत होते.

भगवानरावांना फोन लावून नाही म्हटलं. ते हसून म्हणाले, "काही हरकत नाही मॅडम, दुसरे आहेत."

२९ जानेवारी

चांगुणाकडं हळदीकुंकू. बोलावणं येईल असं वाटलं नव्हतं, आलं. तिनं वाण म्हणून कापसाच्या वाती दिल्या, कागदात गुंडाळून. मी सवयीनं पदराखाली घेतल्या.

"उघड," ती म्हणाली.

"अवं, वाण…"

"उघड म्हटलं ना. पाहूनच घेत जा आता."

उघडल्या. पिवळट, डाग पडलेल्या कापसाच्या वाती. किडक्या बोंडांतून जेवढा निघाला तेवढ्याच्या वळलेल्या. सगळ्या बायांसमोर माझे डोळे भरले, मला आवरता आलं नाही. जमीलानं पाण्याचा पेला हातात दिला.

बाया गेल्यावर चांगुणानं मोबाईल पुढं केला. परत मिळालाय तिला. म्हणाली, "मी एक लिव्हलं. वाच. मोठ्यानं वाच."

वाचलं. नेहमीच्या तिच्या पद्धतीनंच लिहिलेलं, भाकरीचं लिहावं तसं. साहित्य, नदीकाठची काळी माती, नवरा-बायकोची मेहनत, बिल नसलेली बोंडमुक्त सरकी. कृती, जूनमध्ये टोबणे, अर्धी उगवते, पुन्हा टोबणे. पोळ्याला फूल उकलून पाहणे, आत अळी दिसते. दिवाळीला उपटून टाकणे. खाली तिच्या किडक्या बोंडाचा फोटो आणि त्या पांढऱ्या पाकिटाचा. शेवटी लिहिलेलं, "ज्याच्यावर गाव नाई, नाव नाई, ते पेरू नका. बिल घ्या. पाह्यजा बाप्पा." माझं नाव कुठंच नाही. मी दोनदा शोधलं.

आणि वर, कपाळावर, तीच ओळ. मी स्वतः करून पाह्यल्याबिगर लिहीत नाही.

"हे एक नंबरवर आण," ती म्हणाली. "तुले येते ते."

२६ फेब्रुवारी

कामाला लागले. गटातल्या बायांकडं गेले, पण यंदा वाण म्हणून नाही. प्रत्येकीच्या ओसरीवर बसून चांगुणाचं पान वाचून दाखवलं, मग विचारलं, लावता का? दोघींनी नवऱ्याला विचारून सांगते म्हटलं. एकीनं नको म्हटलं, तिच्या दिराचंच बियाण्याचं दुकान आहे. जमीलानं पान दोनदा वाचलं, एका जागी अडून प्रश्न विचारला, मग म्हणाली, "लाव."

लोणारपासून मोताळ्यापर्यंत ज्यांच्या ज्यांच्या साईटी सापडल्या त्यांना पत्रं टाकली. गेल्या वर्षी खोट्यासाठी बोटं गोळा करायला एक संध्याकाळ पुरली होती. खऱ्याला लोक दहा प्रश्न विचारतात. विचारोत.

आत्याबाईंनी विचारलं, "आता कोणाची सोयरीक?"

"मोडायची हाये एक," मी म्हटलं.

"हे बरं हाये," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवला.

संध्याकाळी चांगुणाचा फोन आला, रोज येतो. एकच विचारते, कुठवर आलं?

आज सांगितलं, "चौथ्या पानावर."

"अन् पह्यल्यावर?"

खोटं बोलणं सोपं होतं. ती काही लगेच उघडून पाहणार नव्हती. पण म्हटलं, "पह्यल्यावर अजून तेच हाये वं. नाव बदललं तेवढं."

"बरं," ती म्हणाली. "पेरणीले चार मयने हायेत. लाग."